खोकल्यासाठी रक्त दिलं आणि ईओबीवर 'क्लॅमिडिया अँटिबॉडी' सहा वेळा. हे काय प्रकरण आहे?

खोकलेकर:

मंडळी, प्रश्न जरा अडचणीचा आहे, म्हणून नेहमीचं नाव सोडून या नावाने लिहिते आहे. कुणी ओळखलंच तर कृपया मनात ठेवा.

न्यू जर्सीत राहते. गेल्या महिन्यात खोकला सुरू झाला. आधी सर्दीचा म्हणून सोडून दिला, मग ताप आला, एक्स-रेत उजवीकडे खाली डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं आणि मध्येच म्हणाल्या, "घरात पक्षी आहेत का?" आमचे नाहीत, पण मैत्रीण भारतात गेली होती आणि तिचे दोन कॉकाटील पोपट आमच्याकडे होते. पिंजरा रोज मीच साफ करत होते. हे ऐकल्यावर त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि रक्त काढायला सांगितलं. रक्त त्यांच्याच क्लिनिकमध्ये काढलं, नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबला गेला.

आता इन्शुरन्सची ईओबी आली, म्हणजे कुठल्या तपासणीचे किती पैसे लावले आणि किती मंजूर झाले त्याचा हिशोब. क्लिनिकची एकच ओळ, ३६४१५, ती रक्त काढण्याची. लॅबच्या मात्र नऊ. ८६६३१ 'क्लॅमिडिया अँटिबॉडी' सहा वेळा आणि ८६६३२ 'क्लॅमिडिया आयजीएम' तीन वेळा. लॅबने लावलेत ७३८ डॉलर. नवांपैकी दोनच ओळी मंजूर, बाकी सातांपुढे 'डुप्लिकेट'.

खरी पंचाईत वेगळीच आहे. क्लॅमिडिया म्हटलं की लैंगिक संसर्गच आठवतो. इन्शुरन्स नवऱ्याच्या नोकरीतला, त्यामुळे ईओबीचा ईमेल त्याला आला. तो काहीच बोलला नाही. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवून फिरायला निघून गेला. सासूबाई सध्या इथेच आहेत आणि त्यांना इंग्रजी उत्तम वाचता येतं.

तर मला कळेना की खोकल्याला क्लॅमिडिया कशाला? एकच बाटली रक्त दिलं, मग नऊ तपासण्या कशा? सात ओळींचे पैसे माझ्या बोकांडी बसणार का? रिपोर्ट पोर्टलवर आहे: न्यूमोनिए आयजीजी १:२५६, ट्रॅकोमॅटिस आयजीजी १:६४, सिटासी निगेटिव्ह. आयजीए आणि आयजीएम सगळीकडे निगेटिव्ह. डॉक्टरीणबाई सुट्टीवर आहेत आणि नर्स म्हणते, "त्या आल्या की बोलतील." तोपर्यंत मी काय करू?

टेक्सासचे तात्या:

ताई, एक डॉलरही भरू नका. लॅबवाल्यांनी कोडच चुकीचा टाकलाय. फुप्फुसातल्या क्लॅमिडियाचा कोड वेगळा असतो, ८७४८६. आत्ताच शोधून बघितला. फोन करून कोड बदलून घ्या, म्हणजे बिलही सुटेल आणि जावईबापूंचा रुसवाही जाईल.

मॉडिफायर_५९:

तात्या, थांबा जरा. तुम्ही सांगितलेला कोड खरा आहे, पण तो या तपासणीचा नाही. ८७४८६ म्हणजे क्लॅमिडिया न्यूमोनिएचं जनुकीय द्रव्य वाढवून शोधणं, लोक ज्याला पीसीआर म्हणतात ते. त्यासाठी घशातला किंवा नाकातला स्वॅब लागतो, नाहीतर कफ. ताईंनी रक्त दिलं आणि रक्तात अँटिबॉडी मोजल्या. केली एक तपासणी आणि लावला दुसरीचा कोड, याला कोड दुरुस्त करणं म्हणत नाहीत, खोटा क्लेम म्हणतात. ताई, कोड बदलून मागू नका. लॅब तसं करणार नाही, आणि केलंच तर तुमच्याच कागदपत्रांत घोळ होईल.

मी एका लॅबच्या बिलिंगमध्ये आहे, नाकारलेल्या क्लेमच्या टेबलावर. माझं नाव वाचून कळलंच असेल की ८६६३१ आणि ८६६३२ हे दोन कोड आमच्या रोजच्या राबत्यातले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीपीटीची, म्हणजे तपासण्या आणि उपचारांच्या बिलिंग कोडची, यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशन काढते. त्यात ८६६०२ पासून ८६८०४ पर्यंत रोगजंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत. क्लॅमिडियाच्या वाट्याला त्यातले दोनच आले: ८६६३१ म्हणजे 'क्लॅमिडिया' आणि ८६६३२ म्हणजे 'क्लॅमिडिया, आयजीएम'. कुठली क्लॅमिडिया हे कोड विचारतच नाही. लैंगिक संसर्ग करणारी ट्रॅकोमॅटिस, न्यूमोनिया करणारी न्यूमोनिए आणि पक्ष्यांकडून येणारी सिटासी, तिघींचा कोड एकच. आडनाव कुलकर्णी असलं म्हणून तिन्ही कुलकर्णी एकाच वाड्यातले नसतात, पण या कोडला फक्त आडनाव कळतं. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी पक्ष्यांचं विचारलं ते तिसरीसाठी. न्यूमोनियात दुसरीही बघतात. पहिली पॅनेलमध्ये आयती येते, कारण तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय कुणाचा आकडा मोठा ते समजत नाही.

आता नऊ कशा? तीन जाती आणि प्रत्येकीच्या तीन प्रकारच्या अँटिबॉडी: आयजीजी, आयजीए, आयजीएम. तीन त्रिक नऊ. आयजीएमला स्वतःचा कोड आहे म्हणून ८६६३२ तीनदा. आयजीजी आणि आयजीए दोघांनाही वेगळा कोड नाही, म्हणून ती सहाही ८६६३१ खाली. सीपीटीच्या या भागाच्या सुरुवातीलाच सूचना आहे की उपलब्ध कोडपेक्षा बारीक भेद करून अनेक तपासण्या केल्या, तर प्रत्येक वेगळी मोजावी. वेगवेगळ्या वर्गाच्या अँटिबॉडी मोजल्या तरी तेच. आणि आयजीएमचा वेगळा कोड असेल तिथे साधा कोड आयजीजीसाठी वापरता येतो हे सांगताना त्यांनी उदाहरण कुठलं घेतलंय म्हणता? ८६६३१ आणि ८६६३२ हेच. अपिलात मी तो उतारा जोडते. समोरच्याला वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

मग 'डुप्लिकेट' का? कारण क्लेम आधी मशीन वाचतं. तोच रुग्ण, तीच तारीख, तोच कोड, तीच लॅब अशा सहा ओळी दिसल्या की ते पहिली ठेवतं आणि बाकीच्यांवर १८ नंबरचं कारण मारतं. अशा वेळी लॅबने एकतर एका ओळीवर सहा युनिट टाकायची, नाहीतर दुसऱ्या ओळीपासून मॉडिफायर ५९ लावायचा, म्हणजे 'ही तपासणी वेगळी आहे' असं सांगणारी कोडपुढची दोन आकडी खूण. कुणाला काय चालतं ते ज्याच्या त्याच्या नियमावर. ९१ लावायचा नाही. पुष्कळ लोक तो लावतात आणि मग सगळंच अडकतं. ९१ हा तीच तपासणी त्याच दिवशी नव्याने पुन्हा केली तर, म्हणजे पोटॅशियम सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, अशासाठी. इथे कुठलीही तपासणी दोनदा झालेली नाही.

एमयूई नावाची आणखी एक चाळणी आहे. एका रुग्णाला एका दिवशी एका कोडचे जास्तीत जास्त किती युनिट स्वाभाविक मानायचे, त्याचा तक्ता मेडिकेअरवाले (ज्येष्ठांचा सरकारी विमा) दर तिमाहीला काढतात आणि खासगी कंपन्याही पुष्कळदा तोच वापरतात. त्यात अडकलं असतं तर कारण 'डुप्लिकेट' आलं नसतं, संख्या जास्त झाल्याचं आलं असतं. म्हणून तुमचं प्रकरण सोपं आहे. लॅबने दुरुस्त क्लेम पाठवायचा, त्यावर 'जुन्याऐवजी हा' असं सांगणारा ७ हा आकडा टाकायचा आणि जुन्या क्लेमचा नंबर द्यायचा, संपलं. कोरा नवीन क्लेम पाठवला तर तोही डुप्लिकेट ठरेल, आणि हे मी रोज बघते.

तुमच्या खिशाचं म्हणाल तर ईओबीत 'तुमची जबाबदारी' असा रकाना असेल. लॅब नेटवर्कमधली, म्हणजे कंपनीशी करार असलेली असेल आणि त्या सात ओळींपुढे तिथे शून्य असेल, तर तो लॅब आणि कंपनीमधला मामला आहे, बिल तुमच्याकडे वळवता येत नाही. आकडा असेल तर इथे लिहा. ७३८ बघून घाबरू नका. ती लावलेली किंमत आहे, मिळणारी नव्हे. मेडिकेअरच्या दरपत्रकात ८६६३१ बारा डॉलरच्या आसपास आहे आणि ८६६३२ त्याहून किंचित जास्त. नऊच्या नऊ मंजूर झाल्या तरी त्या हिशोबाने सव्वाशेच्या आत.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा. डॉक्टरीणबाईंनी तपासणी लिहिताना निदानाचा कोड कुठला दिला? जे१८.९ म्हणजे न्यूमोनिया, किंवा आर०५ मधला एखादा खोकला असेल तर उत्तम. कधी कधी क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्लॅमिडिया' टाइप केलं की पहिला पर्याय झेड११.३ येतो, लैंगिक संसर्गाच्या चाळणीचा, म्हणजे स्क्रीनिंगचा. घाईत तोच निवडला जातो आणि खोकल्याच्या रुग्णाचा क्लेम भलतीकडेच जातो. तसं झालं असेल तर दुरुस्ती क्लिनिकने करायची, लॅबने नव्हे. आम्हाला निदान बदलण्याचा अधिकार नाही.

खोकलेकर:

बाप रे, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. 'तुमची जबाबदारी' त्या सात ओळींपुढे शून्य आहे. मंजूर झालेल्या दोन ओळींचे चोवीस डॉलर आणि काही सेंट डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विम्याआधी आपण भरायच्या रकमेत, गेलेत, ते भरीन. निदानाचा कोड ईओबीवर दिसत नाही, क्लिनिकला विचारते.

नवऱ्याला तुमचा आडनावाचा परिच्छेद वाचून दाखवला. हसला. मग म्हणाला, "ते ठीक आहे, पण ट्रॅकोमॅटिसपुढे १:६४ का आहे?" आता याला काय सांगू?

काचपट्टी:

हा प्रश्न माझ्या बाकावरचा. मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि या तपासणीच्या काचा स्वतः वाचलेल्या आहेत.

तुमचे आकडे १:६४, १:२५६ असे आहेत, म्हणजे पद्धत बहुधा मायक्रोइम्युनोफ्लोरेसन्स, एमआयएफ. सिअॅटलमध्ये वांग आणि ग्रेस्टन यांनी १९७० मध्ये ती आणली. काचेवर तिन्ही जातींच्या जंतूंचे बारीक ठिपके देतात. रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, पातळ करत करत त्यावर घालतात. अँटिबॉडी असतील तर त्या ठिपक्याला चिकटतात, मग त्यांना चिकटणारा चमकता रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. १:६४ म्हणजे चौसष्ट पट पातळ केलं तोवर चमक दिसली, त्यापुढे नाही. ती चमक माणूस डोळ्यांनी ठरवतो. शेवटचा ठिपका मला चमकला आणि शेजारच्या बाकावरच्याला नाही, असं होतं. म्हणून एका पायरीचा फरक आम्ही फरक धरत नाही.

आणि १:६४ ही बऱ्याच लॅबमध्ये पॉझिटिव्हची पहिलीच पायरी आहे. तिन्ही जातींच्या बाह्य आवरणात काही घटक सामाईक असतात, त्यामुळे एकीविरुद्धच्या अँटिबॉडी दुसरीच्या ठिपक्यावरही थोड्या चिकटतात. एकीचा आकडा मोठा आणि दुसरीचा तळाचा असेल तर छोटा आकडा असा ओघाने आलेला असू शकतो. तुमच्याकडे न्यूमोनिए १:२५६ आहे, म्हणजे दोन पायऱ्या वर.

तो १:२५६ देखील आत्ताच्या आजाराचा पुरावा नाही बरं का. या जंतूचा पहिला नमुना १९६५ मध्ये तैवानमधल्या एका मुलाच्या डोळ्यातून मिळाला, घशातला १९८३ मध्ये सिअॅटलमध्ये, आणि स्वतंत्र जात म्हणून त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. एवढ्या उशिरा ओळख पटलेला हा जंतू प्रत्यक्षात जिकडे तिकडे आहे. विशीपर्यंत साधारण निम्म्या लोकांच्या रक्तात त्याच्या आयजीजी सापडतात आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. सीडीसी, म्हणजे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, आणि कॅनडाच्या प्रयोगशाळेने मिळून २००१ मध्ये निकष दिले: आयजीएम १:१६ किंवा अधिक, नाहीतर दोन नमुन्यांत आयजीजीची चौपट वाढ. एकट्या आयजीजीवर निदान करू नये आणि आयजीएला दीर्घ संसर्गाची खूण मानू नये, हेही त्यातच सांगितलंय. तरी पॅनेलमध्ये आयजीए चालूच आहे. मॉडिफायरताई रागावतील, पण त्या नवांतल्या तीन ओळी मी डॉक्टर असतो तर मागवल्या नसत्या.

तुमच्या बाबतीत खरी मेख सिटासीत आहे. ती निगेटिव्ह आली म्हणून पोपट निर्दोष सुटले असं समजू नका. पहिल्या नमुन्यात अँटिबॉडी तयार झालेल्याच नसतात असं पुष्कळदा होतं. डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक लवकर सुरू केलं असेल तर त्या आणखी उशिरा येतात किंवा कमी येतात. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकत्र, त्याच लॅबमध्ये वाचायचे असतात. डॉक्टरीणबाई आल्या की हे आवर्जून विचारा. मैत्रिणीलाही सांगा, तिने पोपट पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवावेत. हा आजार निघाला तर सरकारी आरोग्य खात्याला कळवावा लागतो.

मॉडिफायर_५९:

आयजीएबद्दल रागावणार नाही. आम्ही जे मागवलं त्याचं बिल करतो, मागवावं का हे आमचं काम नव्हे. पण त्या ओळी नाकारल्या गेल्या की अपील लिहायला मीच बसते, आणि 'वैद्यकीय गरज' लिहिताना आयजीएपाशी पेन अडतं हे खरं आहे.

नवऱ्याच्या प्रश्नाला मी माझ्या बाजूने एवढंच जोडते. ट्रॅकोमॅटिसच्या बाबतीत रक्तातल्या अँटिबॉडीवरून आज संसर्ग आहे की नाही हे ठरत नाही आणि तो कधी झाला हे तर मुळीच नाही. आयजीजी वर्षानुवर्षं राहतात. जननमार्गातल्या ट्रॅकोमॅटिससाठी सीडीसी नॅट, म्हणजे पीसीआरसारखी जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी, सांगते: लघवी किंवा स्वॅब, कोड ८७४९१. मेडिकेअरचा दर पस्तीस डॉलरच्या आसपास. शंकाच नको असेल तर डॉक्टरांना सांगून दोघांनीही ती करा. एकटीने नको, दोघांनी. त्यात पोपटाचा संबंध नाही, न्यूमोनियाचाही नाही, आणि उत्तर 'आत्ता आहे' किंवा 'आत्ता नाही' असं सरळ येतं. जुनी, बरी झालेली लागण त्यात दिसणार नाही, पण तिचा पंचनामा करायला ही रक्ततपासणीही उपयोगाची नाही.

टेक्सासचे तात्या:

मान्य, कोडचं मागे घेतो. पण मग एक सांगा, ही रक्ततपासणी लैंगिक संसर्गाला चालतच नसेल तर इन्शुरन्सवाले तिला त्या यादीत का धरतात? माझ्या मेडिकेअरच्या पुस्तकात क्लॅमिडियाची चाळणी आहे, तिथे हाच ८६६३१ दिसला.

मॉडिफायर_५९:

चांगलं पकडलंत. मेडिकेअरचा राष्ट्रीय नियम आहे, क्रमांक २१०.१०, लैंगिक संसर्गाच्या चाळणीचा, ८ नोव्हेंबर २०११ पासून लागू. त्यातल्या क्लॅमिडियाच्या कोडांत ८६६३१, ८६६३२, कल्चरचा ८७११०, अँटिजेनचे दोन-तीन आणि नॅटचा ८७४९१ असे सगळे एका रांगेत बसवलेत. पैसे देण्याची यादी आणि चांगल्या वैद्यकीय चालीची यादी एक नसते. यादीत कोड आहे म्हणजे तो लावला तर त्या सदराखाली विचार होईल, एवढंच. त्याचा तोटा असा की बऱ्याच कंपन्यांची संगणकप्रणाली ८६६३१ दिसला की त्याला लैंगिक संसर्गाच्या खान्यात टाकते, मग समोर पोपटवाला न्यूमोनिया का असेना. म्हणून तर निदानाच्या कोडचं मी इतकं लावून धरलं.

आणखी एक गंमत. झेड११.३ म्हणजे लैंगिक संसर्गाची चाळणी, पण आयसीडीच्या, म्हणजे निदानाच्या कोडांच्या, पुस्तकात 'क्लॅमिडियाची चाळणी' हे शब्द झेड११.८ खाली छापलेत. नवीन मुलींना शिकवताना मी हे पान उघडून समोर ठेवते आणि कुठला कोड घ्याल म्हणून विचारते. भांडणं होतात. उत्तर एकच, पैसे देणाऱ्याचा नियम वाचा.

आशा_दुसरी_खेप:

माझ्याकडे हाच ८६६३१ वेगळ्या कारणाने आला होता. मूल होत नव्हतं म्हणून फर्टिलिटी क्लिनिकने ट्रॅकोमॅटिस आयजीजी मागवली. जुन्या संसर्गाने नळ्या बंद झाल्या असण्याची शक्यता किती, याचा अंदाज घ्यायला. माझी पॉझिटिव्ह आली म्हणून पुढे नळ्यांचा एक्स-रे, एचएसजी, लवकर केला. नळ्या मोकळ्या निघाल्या. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की ही तपासणी नळ्या दाखवत नाही, नळ्या बघायची घाई करायची की नाही एवढंच सांगते.

बिल मात्र नाकारलं गेलं, कारण निदान एन९७.९ होतं आणि आमच्या प्लॅनमध्ये वंध्यत्वच बसत नव्हतं. तिथे मॉडिफायरही उपयोगी नाही आणि अपीलही. खोकलेकर, तुमचं 'डुप्लिकेट' त्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि पॉझिटिव्ह आल्यावर आमच्याकडेही दोन दिवस अबोला होता. तो पहिला बोलला.

गोदावरी_जर्सी:

ईओबी नवऱ्याच्या ईमेलवर जाते त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी एका प्लॅनच्या ग्राहकसेवेत काम करते. हिपाच्या, म्हणजे आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या, नियमात 'गोपनीय संपर्का'ची सोय आहे. माझ्या तपासण्यांची पत्रं वेगळ्या पत्त्यावर किंवा वेगळ्या ईमेलवर पाठवा, असं तुम्ही लेखी मागू शकता. उघड झाल्यास धोका आहे असं तुम्ही म्हटलंत तर विमा कंपनीला रास्त विनंती मान्य करावीच लागते. धोका नसला तरी काही कंपन्या करतात, विचारायला हरकत नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कायदा याहून पुढे गेलाय. संवेदनशील सेवांची माहिती मुख्य सभासदाला न पाठवण्याचं बंधन तिथे जुलै २०२२ पासून आहे.

तुमच्या घरी आता हसणं झालंय, तेव्हा तुम्हाला गरज नसेल. पण हा धागा वाचणारी एखादी असेल जिच्या घरी हसणं होणार नाही, तिच्यासाठी.

खोकलेकर:

गोदावरीताई, हे खरंच कामाचं. धन्यवाद.

क्लिनिकला फोन केला. निदान जे१८.९ आणि आर०५.२ दिलंय, झेड११.३ नाही. लॅबच्या बिलिंगला पण फोन केला. तिथल्या मुलीने आधी "तुमच्याकडे बाकी शून्य आहे, मग फोन का केलात?" असं विचारलं. मी म्हटलं, दुरुस्त क्लेम, ७ आकडा, मॉडिफायर ५९. ती गप्प झाली आणि मग तिने मला होल्डवर ठेवून कुणालातरी बोलावलं. ते पाठवणार आहेत.

यावर नवरा म्हणतो, तुझ्याकडे बाकी शून्य आहे तर त्यांचा क्लेम तू कशाला दुरुस्त करतेस? त्या सात ओळी मंजूर झाल्या तर उलट डिडक्टिबलचा आकडाच वाढेल. त्याचं बरोबर आहे का?

सासूबाईंनी सगळा धागा वाचलाय. त्यांचा एकच प्रश्न, पोपट परत आणणार आहेस का.

मॉडिफायर_५९:

नवऱ्याचं गणित बरोबर आहे. डिडक्टिबल अजून भरायचा असेल तर मंजूर होणाऱ्या ओळींची रक्कम तुमच्याच वाट्याला येईल, शंभराच्या आत-बाहेर. तसंच सोडलं असतं तर तोटा लॅबचा होता. मी लॅबकडून पगार घेते, तेव्हा याहून जास्त बोलणं मला शोभणार नाही. आता फोन केलाच आहे, तर दुरुस्त क्लेमनंतर जी नवी ईओबी येईल ती मंजूर दराशी ताडून बघा. बिल त्यापेक्षा जास्त आलं तर भरू नका आणि कंपनीकडे अपील करा. नाकारल्याची सूचना मिळाल्यापासून साधारण १८० दिवस असतात.

दुसरा नमुना द्यायला जाल तेव्हा तारीख वेगळी असेल, म्हणून त्या क्लेमला डुप्लिकेटची भीती नाही आणि ९१ पण नको. डॉक्टरांना फक्त सिटासी हवी असेल तर तशी सुटी मागवता येते, म्हणजे नवाऐवजी एक-दोनच ओळी. तिथेही छापून मात्र 'क्लॅमिडिया अँटिबॉडी'च येणार. ईओबी येण्याआधीच घरी सांगून ठेवा.

काचपट्टी:

सुटी सिटासी मागवलीत तरी आधीचा नमुना लॅबने जपून ठेवलाय का ते विचारून घ्या. ठेवला असेल तर दोन्ही एकाच काचेवर, एकाच दिवशी वाचायला सांगा. वेगळ्या दिवशी वाचलेल्या दोन आकड्यांत चौपट शोधणं फसवं असतं.

पोपटांबद्दल सासूबाईंना सांगा, आधी त्यांची तपासणी होऊ दे. पिंजरा साफ करताना मास्क लावायचा, आणि विष्ठा कोरडी झाडायची नाही, ओली करून मग पुसायची.